साम्राज्योत्तर अल्पसंख्य आणि ‘अचिन्हित’ भाषा : ब्रुबेकर यांच्या दोन ग्रंथांच्या निमित्ताने

साम्राज्य मोडले म्हणजे सीमा बदलतात, नाणी बदलतात, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलतात. माणसे मात्र बहुतांशी जेथल्या तेथेच राहतात. काल ज्यांची भाषा न्यायालयात व विद्यापीठात चालत होती ते आज अल्पसंख्य ठरतात, आणि काल ज्यांना साधा अर्ज करावयाचा तरी दुसऱ्याच्या भाषेचा आधार घ्यावा लागे त्यांच्या हाती राज्ययंत्र येते. मध्य व पूर्व युरोपात विसाव्या शतकात हे निदान दोनदा मोठ्या प्रमाणावर घडले : १९१८ नंतर हाब्सबुर्ग साम्राज्याच्या प्रदेशात आणि १९९१ नंतर सोव्हिएत संघाच्या प्रदेशात. ह्या उलथापालथीचा विचार करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांत रॉजर्स ब्रुबेकर यांचे नाव अग्रभागी आहे. ‘नॅशनॅलिझम रीफ्रेम्ड’ हा त्यांचा ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर दहा वर्षांनी, २००६ मध्ये, मार्गित फाइश्मिट, जॉन फॉक्स व लियाना ग्रान्चा ह्या तीन सहकाऱ्यांसह त्यांनी ट्रान्सिल्वेनियातील क्लूझ ह्या एका नगरावर ‘नॅशनॅलिस्ट पॉलिटिक्स अँड एव्हरीडे एथ्निसिटी इन अ ट्रान्सिल्वेनियन टाउन’ हा विस्तृत ग्रंथ लिहिला. पहिला राज्यशास्त्राचे अभ्यासक वाचतात, दुसरा लोकजीवनाचे. दोन्ही शेजारी ठेवून वाचले असता त्यांच्यामध्ये एक मोकळी जागा उरते, आणि ती नेमकी भाषेच्या प्रांतात पडते.

पहिल्या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन एका त्रिकोणाच्या रूपाने मांडलेले आहे. त्याचा पहिला कोन म्हणजे नवे राज्य. ज्या राष्ट्राच्या नावाने हे राज्य उभे राहिले त्या राष्ट्राला स्वतःच्याच घरात अद्याप पुरते बळ आलेले नाही अशी त्याची भावना असते. म्हणून त्या राष्ट्राची भाषा, संख्या, संस्कृती व आर्थिक हित वाढविणे हे ते आपले कर्तव्य मानते. दुसरा कोन त्या राज्यातील राष्ट्रीय अल्पसंख्यांचा. तिसरा कोन सीमेपलीकडच्या राज्याचा. ते ह्या अल्पसंख्यांना आपले मानते व त्यांच्या रक्षणाचा अधिकार सांगते. १९९० मध्ये हंगेरीचे पंतप्रधान योझेफ अंताल यांनी आपण मनाने दीड कोटी हंगेरियनांचे पंतप्रधान होऊ इच्छितो असे सांगितले, तेव्हा त्यांच्या राज्याची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर होती. उरलेले कोठे राहतात हे शेजारच्या राज्यांना सांगावे लागले नाही.

ब्रुबेकर यांची खरी सूक्ष्मता ह्यानंतर दिसते. हे तीन कोन म्हणजे तीन घट्ट वस्तू नव्हेत असे ते बजावतात. प्रत्येक कोनात परस्परविरोधी भूमिका घेणारी माणसे असतात, प्रत्येक कोन उरलेल्या दोहोंकडे डोळे लावून असतो, आणि एकाने दुसऱ्याविषयी करून घेतलेली कल्पना ही प्रत्यक्षाइतकीच परिणामकारक ठरते. अल्पसंख्य समाज म्हणजे जनगणनेतील आकडा नसून ती एक राजकीय भूमिका होय, हे त्यांचे म्हणणे मान्य करण्यासारखे आहे. नंतरच्या अभ्यासकांनी आंतरराष्ट्रीय संस्थांचा चौथा कोन सुचविला, तोही युरोपीय संघाच्या विस्ताराच्या काळात उपयोगी ठरला.

तथापि ह्या त्रिकोणाची एक मर्यादा आहे. भूमिका वाटून झाल्यावर नाटक कसे चालते हे तो सांगतो. भूमिकांची अदलाबदल झाली म्हणजे काय होते हे तो फारसे सांगत नाही. १८६७ ते १९१८ ह्या काळात ट्रान्सिल्वेनियात हंगेरीचे राज्यच राष्ट्रीकरणाच्या उद्योगात गुंतलेले होते, तेथील रुमानियन हे अल्पाधिकारी होते, आणि सीमेपलीकडची मातृभूमी बुखारेस्टला होती. १८६८ च्या राष्ट्रीयताविषयक कायद्याने अन्य भाषांना स्थानिक कारभारात बरेच काही देऊ केले होते. व्यवहारात त्यातले थोडेच उतरले. १९०७ च्या आपोन्यी यांच्या शिक्षणकायद्याने तर रुमानियन शाळेतील मुलालाही चौथ्या वर्षाअखेर हंगेरियनमध्ये आपले म्हणणे मांडता आले पाहिजे अशी अट घातली. १९२० च्या त्रियानों तहाने हेच कोन फिरले. ब्रुबेकर यांना हे अर्थातच ठाऊक आहे. ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात त्यांनी साम्राज्यांच्या पश्चात होणाऱ्या ‘लोकांच्या वेगळे होण्या’चा विचार केला असून बाल्कनमधील मुसलमान, हाब्सबुर्ग प्रदेशातील हंगेरियन व जर्मन, आणि सोव्हिएतोत्तर रशियन ह्यांची तुलना केली आहे. पण त्या प्रकरणाची मोजपट्टी स्थलांतराची आहे. कोण गेले, किती गेले, केव्हा गेले हा तेथला प्रश्न. पहिल्या महायुद्धानंतरच्या थोड्या वर्षांत साडेतीन लाखांवर हंगेरियन उरलेल्या हंगेरीत आले. त्यात अधिकारी, शिक्षक व जमीनदार पुष्कळ होते. जे गेले नाहीत, म्हणजे बहुसंख्य, ते ह्या हिशेबात केवळ बाकी म्हणून उरतात.

ह्या बाकीचे पुढे काय झाले हे पाहण्यासाठीच जणू दुसरा ग्रंथ लिहिला गेला. क्लूझची निवड सार्थ आहे. हंगेरियन लोक त्याला कोलोझवार म्हणतात, जर्मन क्लाउझेनबुर्ग. १९७४ मध्ये चाउशेस्कूच्या राजवटीने त्याच्या रुमानियन नावाला रोमन वसाहतीचे ‘नापोका’ हे नाव जोडले, म्हणजे हंगेरियनांच्या आगमनापूर्वीचा वारसा नावातच कोरला गेला. १९९२ ते २००४ ह्या काळात गेओर्गे फुनार हे तेथे महापौर होते. त्यांनी रस्त्याकडेची बाके, खांब, कचऱ्याचे डबेसुद्धा रुमानियन ध्वजाच्या तीन रंगांत रंगविले. मुख्य चौकात हंगेरीचा राजा मात्याश याचा १९०२ सालचा अश्वारूढ पुतळा आहे. हा राजा सर्व लढायांत जिंकला, फक्त स्वतःच्या लोकांशी लढताना हरला, अशा आशयाची पाटी त्या पुतळ्यापाशी बसविण्यात आली, म्हणजे राजाही मूळचा रुमानियनच! पुढे त्याच पुतळ्यासमोर रोमन अवशेष शोधण्यासाठी उत्खननही झाले.

एवढा सगळा रंग उडत असताना नगरातील सामान्य माणसे काय करीत होती? ग्रंथाचे उत्तर असे की ती बहुधा दुसऱ्याच विवंचनेत होती. पगार, भाडे, नोकरी, परदेशी जाण्याची संधी ह्या गोष्टी त्यांच्या बोलण्यात सतत येत. राष्ट्रीय प्रश्न क्वचित येई, आणि आला तरी लवकर विझे. ह्यावरून लेखकांनी जो सिद्धांत काढला तो ब्रुबेकर यांच्या २००४ मधील ‘एथ्निसिटी विदाउट ग्रुप्स’ ह्या पुस्तकातही आहे : वांशिकता ही नेहमी हजर असणारी वस्तू नसून ती कधी घडते व कधी घडत नाही. दोन गट नगरात शेजारी राहतात असे न म्हणता, काही प्रसंगी काही माणसे हंगेरियन म्हणून किंवा रुमानियन म्हणून वागतात असे म्हणावे. पुढाऱ्यांच्या भाषणावरून लोकांचे मन ठरविणाऱ्या अभ्यासकांना हा इशारा आवश्यकच होता, आणि ग्रंथाचे मोठे श्रेय त्यातच आहे.

भाषाविज्ञानाला ह्या ग्रंथात विशेष स्वारस्य वाटावे ते त्याच्या एका उसनवारीमुळे. प्राग येथील भाषाशास्त्रज्ञांनी १९३० च्या सुमारास ‘चिन्हित’ व ‘अचिन्हित’ असा भेद प्रस्थापित केला. मराठीतील उदाहरण घ्यावयाचे तर ‘विद्यार्थी’ ह्या शब्दात विद्यार्थिनी सामावतात. ‘विद्यार्थिनी’ ह्या शब्दात मात्र विद्यार्थी सामावत नाहीत. पहिला शब्द अचिन्हित, दुसरा चिन्हित. त्याचप्रमाणे भिंत किती उंच असे विचारले जाते, किती ठेंगणी असे कोणी विचारीत नाही. ‘किती ठेंगणी’ असे विचारलेच तर ती ठेंगणी आहे हे आधीच गृहीत धरलेले असते. अचिन्हित पद हे स्वतःविषयी काही सांगत नाही. ते पार्श्वभूमीसारखे पसरलेले असते. क्लूझमध्ये ‘हंगेरियन’ हे चिन्हित पद आहे आणि ‘रुमानियन’ हे अचिन्हित, असे ब्रुबेकर व त्यांचे सहकारी दाखवितात. हंगेरियन शाळा, हंगेरियन नाट्यगृह असे म्हणावे लागते. रुमानियन शाळेला नुसते शाळा म्हटले तरी चालते. (जाता जाता नमूद करावे असे, की ही संकल्पना घडविणाऱ्यांपैकी त्रुबेत्स्कॉय व याकॉब्सन हे दोघेही मोडलेल्या रशियन साम्राज्यातून बाहेर पडलेले होते, आणि एक व्हिएन्नात व दुसरा प्रागमध्ये, म्हणजे दुसऱ्या एका मोडलेल्या साम्राज्याच्या नगरांत काम करीत होता.)

उसनवारी योग्य आहे, परंतु अर्धी आहे. शब्द घेतला, त्यामागील शिस्त पुरती घेतली नाही. त्याचा पडताळा भाषाव्यवहाराच्या प्रकरणात येतो. तेथील चित्र थोडक्यात असे : नगरातील हंगेरियन प्रौढ माणसे जवळजवळ सर्व द्विभाषिक आहेत, रुमानियन बहुतेक सर्व, निदान ह्या दोन भाषांपुरते, एकभाषिक आहेत. अनोळखी माणसाशी, दुकानात, बसमध्ये बोलावयाचे तर हंगेरियन माणूस रुमानियनमध्ये सुरुवात करतो. चार हंगेरियन मित्र बोलत असता एखादा रुमानियन येऊन बसला की संभाषण रुमानियनमध्ये वळते. हे वळण सहज, विनातक्रार व बहुधा नकळत घेतले जाते. न वळले तर ते उद्धटपणाचे वाटते, आणि तसे ते हंगेरियनांनाही वाटते.

ह्या सहजतेचा अर्थ काय लावावा, हा वादाचा मुद्दा आहे. ग्रंथकारांच्या दृष्टीने जेथे वळण सहज झाले, कोणी त्याची दखल घेतली नाही, तेथे वांशिकता ‘घडली’ नाही किंवा अगदी मंदपणे घडली. ती घडते केव्हा? कोणी तरी ‘येथे रुमानियन बोला’ असे म्हणाले, किंवा कोणी वळण्याचे नाकारले, तर. भाषावैज्ञानिक दृष्टी हाच पुरावा उलट बाजूने वाचील. सहजता ही काही आकाशातून पडलेली नाही. ती शाळेतली दहा-बारा वर्षे, दुसऱ्या भाषेतील परीक्षा, लष्करी सेवा, कचेरीतील नमुने भरणे ह्यांतून कमावलेली आहे, आणि ती दोघांपैकी एकाच पक्षाने कमावलेली आहे. संभाषण विनाघर्षण चालते ह्याचे कारण घर्षणाचा सगळा खर्च एका बाजूने आधीच भरून टाकलेला असतो. ज्याने खर्च भरला त्याला तो आठवत नाही व ज्याच्यासाठी भरला गेला त्याला तो दिसत नाही, ही अचिन्हितपणाची व्याख्याच होय. वांशिकता ही घटना असेल. भाषिक असमता ही घटना नव्हे. व्याकरणातील लिंगभेद जसा बोलणाऱ्याच्या मनात असो वा नसो प्रत्येक वाक्यात काम करीत राहतो, तशी ती रोज काम करीत राहते.

ग्रंथकार असमता नाकारतात असे मुळीच नाही. ती त्यांनी तपशिलाने नोंदविली आहे. अडचण तिला दिलेल्या स्थानाची आहे. राष्ट्रवाद सामान्य माणसाच्या जीवनात मंद आहे हे सिद्ध करण्याच्या भरात, संबंध मंद आहे असे ध्वनित होते. परंतु ज्या संबंधात एका पक्षाला राष्ट्रवादी होण्याची गरजच उरलेली नाही तो संबंध मंद नसतो, स्थिर असतो. एखाद्या रुमानियन रहिवाशाला राष्ट्रीय प्रश्नाविषयी विचारले असता तो कंटाळा दाखवितो. हा कंटाळा खरा आहे, आणि तो अचिन्हित स्थानावरूनच परवडतो.

येथे विरुद्ध बाजूचा धोकाही ओळखला पाहिजे. भाषा बदलण्याच्या प्रत्येक प्रसंगात दडपशाही पाहणे हा बुडापेस्टमधील व ट्रान्सिल्वेनियातील काही राजकारण्यांचा आवडता उद्योग आहे. २००१ चा शेजारी देशांतील हंगेरियनांविषयीचा कायदा व २०१० चा नागरिकत्वाचा कायदा ह्यांच्यामागे अल्पसंख्य म्हणजे मातृभूमीचा तुटलेला तुकडा अशी कल्पना उभी आहे. २००४ च्या डिसेंबरातील दुहेरी नागरिकत्वाचे सार्वमत पुरेशा मतदानाअभावी फसले तेव्हा तुकड्याला आपली किंमत कळली. शिवाय क्लूझमध्ये हंगेरियन सर्वत्र चिन्हित नाही. हंगेरियन शाळा, कॅथलिक, कॅल्व्हिनपंथी व युनिटेरियन चर्च, नाट्यगृह, संगीतिकागृह, दैनिक वृत्तपत्र ह्यांच्या कक्षेत तीच भाषा अचिन्हित आहे. तेथे बालपणापासून उत्तरायुष्यापर्यंत बराच काळ घालविता येतो. ह्या संस्थांच्या जाळ्याचे ब्रुबेकर-मंडळींनी केलेले विवेचन फार चांगले आहे, कदाचित ग्रंथातील सर्वोत्तम. अशी बेटे असणे हेच क्लूझच्या हंगेरियन भाषेच्या टिकाऊपणाचे कारण आहे.

ही बेटे नसली म्हणजे काय होते ते ओबरवार्टमध्ये दिसते. हे गाव १९२१ पर्यंत हंगेरीत होते, नंतर ऑस्ट्रियाकडे गेले. सुझन गाल यांनी १९७९ च्या ‘लँग्वेज शिफ्ट’ ह्या ग्रंथात तेथील हंगेरियन बोलणाऱ्या शेतकरी समाजाचा अभ्यास केला आहे. तेथे कोणी बाके रंगविली नाहीत, कोणी पाट्यांवरून भांडले नाही. तरीही तरुण पिढी जर्मनकडे वळली, आणि त्यात तरुण स्त्रिया पुढे होत्या. कारण हंगेरियन म्हणजे शेतकऱ्याचे कष्टाचे घर आणि जर्मन म्हणजे पगाराची नोकरी असे समीकरण बसले होते. क्लूझच्या निकषाने पाहिले तर ओबरवार्टमध्ये वांशिकता क्लूझपेक्षाही कमी ‘घडली’. भाषा मात्र मावळली. घटनांची मोजदाद करणाऱ्या दृष्टीतून असा मावळता निसटतो, हे ह्या तुलनेवरून ध्यानात यावे.

आता इतिहासाकडे वळावयास हवे, कारण ग्रंथाच्या रचनेतील खरा दोष तेथे आहे. पूर्वार्धात क्लूझचा इतिहास विस्ताराने सांगितला आहे. उत्तरार्धात आजचे दैनंदिन जीवन आहे. आणि दोहोंमधला दरवाजा बहुतेक बंद आहे. चिन्हित-अचिन्हित ही जोडी उत्तरार्धात येते ती जणू आजच्या संख्याप्रमाणाची सावली म्हणून. वस्तुतः तिलाच इतिहास आहे. १९१० च्या गणनेत नगराची लोकसंख्या सुमारे ६१ हजार होती व त्यात हंगेरियन भाषिक सुमारे ८३ टक्के होते. १९९२ मध्ये लोकसंख्या ३ लाख २८ हजारांवर गेली आणि हंगेरियन सुमारे २३ टक्के राहिले. २००२ मध्ये ते १९ टक्के झाले. टक्क्यांवरून वाटते की हंगेरियन नाहीसे झाले. पण ८३ टक्के म्हणजे तेव्हा सुमारे ५१ हजार माणसे. १९९२ चे २३ टक्के म्हणजे सुमारे ७५ हजार. ऐंशी वर्षांत संख्या वाढली होती! अल्पसंख्यत्व घडले ते मुख्यतः दुसऱ्यांच्या येण्याने : युद्धोत्तर काळातील कारखाने व नव्या वसाहती ह्यांसाठी आसपासच्या रुमानियन खेड्यांतून लोक आले.

ह्या लोकांच्या आजोबांना कोलोझवारच्या बाजारात व कचेरीत हंगेरियनवाचून चालणे कठीण होते. म्हणजे ज्या घरात दोन पिढ्यांमागे द्विभाषिकता होती त्या घरात आज एकभाषिकता आहे, आणि ज्या घरात एकभाषिकता चालत होती तेथे आता द्विभाषिकता आहे. खर्च भरणारा पक्ष बदलला. साम्राज्याकडून उत्तराधिकारी राज्याकडे जे हस्तांतरित होते त्यात भूमी, रेल्वे व कोषागार ह्यांबरोबर हे अचिन्हित स्थानही असते. विद्यापीठाचा प्रवास ह्याचे उत्तम उदाहरण होय. १८७२ मध्ये स्थापन झालेले हंगेरियन विद्यापीठ १९१९ मध्ये रुमानियन झाले, जुने अध्यापक सेगेद येथे गेले. १९४० मध्ये उत्तर ट्रान्सिल्वेनिया हंगेरीला मिळताच हंगेरियन विद्यापीठ परतले. १९४५ मध्ये दोन भाषांची दोन विद्यापीठे झाली. १९५९ मध्ये दोन्ही एकत्र करण्यात आली. एकत्रीकरणाला समानतेचे नाव देण्यात आले होते. दोन भाषा एका छपराखाली आणल्या की त्यांतील अचिन्हित कोणती हे छप्पर ज्याचे तो ठरवितो.

पूर्वीच्या अधिपत्याची आठवण असलेला अल्पसंख्य समाज आणि ती आठवण नसलेला अल्पसंख्य समाज हे म्हणूनच एकाच संज्ञेखाली घालणे धोक्याचे आहे. पहिल्याला आपण चिन्हित झालो हे कळते, कारण तो पूर्वी तसा नव्हता. बहुसंख्यही निर्धास्त नसतो. स्थान उलटू शकते हे त्याने आपल्याच घरात पाहिलेले असते. फुनार यांची रंगविलेली बाके ही अचिन्हिताने स्वतःला चिन्हांकित करण्याची विचित्र खटपट होती. ज्याला आपल्या स्थानाची खात्री आहे तो कचऱ्याच्या डब्यावर ध्वज काढीत नाही. ग्रंथकारांनी ह्या रंगकामाकडे लोकांनी दुर्लक्ष केले एवढे दाखविले. त्यामागील अस्वस्थता कोठून आली हे पूर्वार्धातील इतिहासाशी जोडून सांगणे शक्य होते.

हस्तांतर नेहमी एका दमात होत नाही, ही गोष्ट लॅटव्हियाच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होते. १९८९ च्या सोव्हिएत गणनेत तेथे लॅटव्हियन सुमारे ५२ टक्केच होते. त्यांच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश रशियन जाणत होते. तेथील रशियनांपैकी लॅटव्हियन जाणणारे सुमारे एक पंचमांश. मंडळीत एक रशियन आला की सर्वांनी रशियन बोलावे हा शिरस्ता होता. १९८९ च्या मे महिन्यातील भाषाकायद्याने, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच, कायद्याच्या पातळीवर स्थान उलटविले. १९९१ नंतर नागरिकत्व मुख्यतः १९४० पूर्वीच्या नागरिकांना व त्यांच्या वंशजांना मिळाले, इतरांसाठी पुढे भाषेची परीक्षा आली. पण जीभ कायद्याच्या मागून चालते. लॅटव्हियन दुकानदार रशियन ग्राहकाशी रशियनमध्येच बोलत राहिला. म्हणजे राज्यातील बहुसंख्याच्या अंगी अल्पसंख्याच्या सवयी होत्या व अल्पसंख्याच्या अंगी बहुसंख्याच्या. २०१२ च्या सार्वमतात रशियनला दुसरी राज्यभाषा करण्याचा प्रस्ताव सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी फेटाळला, तेव्हा ह्या विसंगतीचाच राग मतपेटीत पडला असावा. ब्रुबेकर यांच्या त्रिकोणात लॅटव्हियन राज्य, रशियन अल्पसंख्य व मॉस्को हे तिन्ही कोन बिनचूक बसतात. तो दुकानदार मात्र कोठेच बसत नाही.

त्रिकोणात न बसणारे आणखीही आहेत. १९१० च्या गणनेत मातृभाषेवरून लोक मोजले गेले, त्यामुळे हंगेरियन बोलणारे ज्यू हंगेरियनांत धरले गेले. १९३० च्या रुमानियन गणनेत वंश व मातृभाषा हे दोन वेगळे प्रश्न विचारले गेले, आणि क्लूझमधील हंगेरियन भाषिकांची संख्या हंगेरियन वंशीयांहून बरीच अधिक भरली. प्रश्न बदलला की समाज बदलतो, हे जनगणनेच्या अभ्यासकाला नवे नाही. १९४४ च्या मे व जूनमध्ये, हंगेरीच्या राजवटीत, त्या नगरातील ज्यूंना ऑश्विट्झला धाडण्यात आले. दोनच पक्षांचे नगर म्हणून आज जे अभ्यासिले जाते ते अशा रीतीने दोन पक्षांचे झाले आहे. रोमा लोकांचीही तीच गत. त्यांना सीमेपलीकडे मातृभूमी नाही, म्हणून त्रिकोणाला तिसरा कोन नाही. हंगेरियन व रुमानियन दोघांच्याही दृष्टीने ते चिन्हित आहेत. २०१० च्या डिसेंबरात क्लूझच्या एका रस्त्यावरील सत्तरांहून अधिक रोमा कुटुंबे हलवून कचराडेपोलगतच्या पाता-रित येथे नेण्यात आली. हे ग्रंथानंतर घडले. परंतु ग्रंथाने रोमांना कडेलाच ठेवले आहे हेही खरे.

संख्या आणि स्थान ह्यांची गल्लत कायद्यातही कशी उतरते ते पाट्यांच्या प्रकरणात दिसून आले. २००१ च्या रुमानियन स्थानिक प्रशासन कायद्याने ज्या गावात अल्पसंख्य २० टक्क्यांहून अधिक असतील तेथे त्यांच्या भाषेतील नामफलक आवश्यक केले. पुढच्याच वर्षीच्या गणनेत क्लूझमधील हंगेरियन १९ टक्के भरले. सुमारे ६० हजार माणसे, म्हणजे १९१० मधील कोलोझवारची सगळी वस्ती, उंबरठ्याच्या एक टक्का अलीकडे राहिली. त्यानंतर अनेक वर्षे कज्जे चालले. २०१७ मध्ये नगराच्या वेशीवर रुमानियन, हंगेरियन व जर्मन अशा तीन भाषांतील फलक लागले. त्यांत रुमानियन नाव सर्वांत वर आहे. हंगेरियन बोलताना त्या नगराचे नाव ‘कोलोझवार’ असे निघते व समोर रुमानियन श्रोता आला की तेच ‘क्लूझ’ होते. बोलणाऱ्याला दोन्ही नावे येतात, ऐकणाऱ्याला एकच पुरते.